अंगणातले पिंप आणि आज्याचे खाजण

दिव्याला आमच्या घरामागे, न्हाणीच्या भिंतीला लागून एक निळे पिंप आहे. त्यात चिलापी मासे आहेत. दुसरे एक पिंप चिरून त्याचे अर्धे भाग विटांवर मांडले आहेत. त्यांत खडी, आणि खडीत पालक, अळू व टोमॅटोची दोन रोपे. माती मुळीच नाही. माशांचे पाणी कूलरच्या छोट्या पंपाने खडीत चढते आणि झिरपून पुन्हा माशांकडे येते. याला 'ॲक्वापोनिक्स' म्हणतात. गेल्या वर्षी मी हे उभे केले तेव्हा वर्गमित्रांनी विचारले, "अरे, तू आर्ट्सचा ना? मग हा सायन्सवाल्यांचा उद्योग कशाला?" त्या प्रश्नाला उत्तर द्यावे म्हणून हा लेख लिहायला घेतला. पण उत्तर शोधताना माझेच एक मत मला बदलावे लागले. तेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

आधी ही गोष्ट चालते कशी ते सांगतो. मासे जी घाण करतात तिच्यातून पाण्यात अमोनिया साठतो. अमोनिया माशांना विष आहे. पण खडीवर डोळ्यांना न दिसणारे जीवाणू वस्ती करतात. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट हे झाडांचे अन्न. झाडे ते शोषून घेतात आणि पाणी माशांना राहण्याजोगे होते. एकाची घाण ती दुसऱ्याची भाकरी, असा हा व्यवहार आहे.

परंतु हे जीवाणू विकत आणून एका दिवसात कामाला लागत नाहीत. त्यांची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. मला एवढा धीर नव्हता. दीडशे लिटर पाण्यात मी पहिल्याच दिवशी वीस पिल्ले सोडली आणि प्रेमाने मूठमूठ खाद्य टाकले. दहाव्या दिवशी सकाळी एकूण एक मासे उलटे तरंगत होते. आई एवढेच म्हणाली, "पानी पन गेला, मासं पन गेलं."

आईच्या बोलण्यात 'पाणी' आधी आले. दिव्यात राहणाऱ्याला याचा अर्थ सांगायला नको. आमच्याकडे नळाला रात्री पाणी येते आणि आई झोपमोड करून ते भरते. मी तिचे दीडशे लिटर फुकट घालवले होते. दुसऱ्या वेळी महिनाभर थांबलो. नळाचे पाणी क्लोरीन उडून जावे म्हणून एक दिवस उघडे ठेवले, फक्त आठ मासे सोडले आणि पाच मिनिटांत खाऊन संपेल एवढेच खाद्य घातले. तेव्हा कुठे जमले. आता उन्हाने उडते आणि झाडे पितात तेवढेच पाणी वरून घालावे लागते. मातीतल्या भाजीला लागते त्याच्या मानाने ते फारच थोडे आहे.

तरी एक रात्र मला विसरता येत नाही. मे महिन्यात वीज गेली, पंप बंद पडला आणि तासाभरात मासे तोंडे वर काढून धापा टाकू लागले. मी तांब्याने पाणी उंचावरून पिंपात ओतत बसलो, म्हणजे त्यात हवा मिसळेल. पहाटे वीज आली. आठांपैकी सहा मासे वाचले. त्या रात्री माझ्या ध्यानात आले की हे पिंप विजेच्या तारेला टांगलेले आहे.

पुढे आजा घरामागे येऊन बसला. (आजोबांना आम्ही घरी आजाच म्हणतो.) मी त्याला मोठ्या ऐटीत सगळी रचना समजावून सांगितली. तो हसला आणि म्हणाला, "आरं, ह्यो तं आमचे शेतान व्हता. आमी पंप नाय लावला." मग त्याने आमच्या खाजणाची हकिकत सांगितली.

खाडीकाठी मातीचा बांध घालून भरतीचे पाणी अडवायचे आणि बांधात लाकडी दाराची उघाडी ठेवायची. पावसाळ्यात पाऊस जमिनीतले मीठ धुऊन नेई. ओहोटीला उघाडीतून ते पाणी बाहेर जाई आणि भात पिके. पावसाच्या पाण्याबरोबर मासाही शेतात चढे. भात कापल्यावर सखल भागात खाडीचे पाणी शिरे आणि त्याबरोबर बोईट, कोळंबी, चिंबोऱ्या, निवट्या येत. त्यांची घाण आणि भाताची धसकटे तिथेच कुजत. पुढच्या भाताला तेच खत. पाणी चढवायला वीज लागत नसे, ते काम भरती-ओहोटी करी. बांध फुटला की मात्र सगळ्या गावाने रात्री-अपरात्री धावायचे. त्यात कोणी घरी बसून चालत नसे.

ही काही एकट्या दिव्याची गोष्ट नाही. अलिबाग-पेणच्या खारेपाटात आजही घराशेजारच्या तळ्यात जिताडा पाळतात. गोव्यात खाजणाच्या दाराला 'मानस' म्हणतात. केरळात पोक्काळी शेतात पावसाळ्यात भात आणि नंतर कोळंबी घेतात. कलकत्त्याच्या पूर्वेच्या पाणथळीत तर शहराच्या सांडपाण्यावर मासे वाढतात, आणि २००२ मध्ये ती जागा रामसर यादीत गेली. खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भातावर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रात काम झाले आहे. याच खारेपाटात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांची जमीन कसायचे नाकारले. म्हणजे आपण ज्याला अडाणी माणसांची चिखलातली शेती म्हणतो, तिच्यामागे विद्याही होती आणि लढाही होता.

मग ती गेली कुठे? याचे उत्तर देताना मला मान खाली घालावी लागते. आमच्या खाजणावर भराव पडला आणि त्यावर चाळ उभी राहिली. त्या खोल्यांच्या भाड्यातून माझी फी भरली जाते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. म्हणून चाळीत राहायला आलेल्यांना दोष द्यायचा मला अधिकार नाही. कोकणातून, देशावरून, उत्तरेतून आलेल्या त्या माणसांना मुंबईने जवळ जागा दिली नाही, दिव्याने दिली. पण पाऊस पडला की त्यांच्याच खोल्यांत गुडघाभर पाणी शिरते. २६ जुलै २००५ चा पूर माझ्या जन्माआधीचा. त्या दिवशी ठाणे-कल्याणचा पट्टा कसा पाण्याखाली गेला ते मी घरी ऐकले आहे. पाणी धरून ठेवणारी शेते आपण बुजवली. ते पाणी आता माणसांच्या घरात उभे राहते.

पिंप चालू लागले तेव्हा माझे मत असे होते की दिव्यात घरोघरी अशी पिंपे झाली की शेत गेल्याची भरपाई होईल. आज मी ते मत मागे घेतो. वर्षभराचा हिशेब सांगायचा तर एका रविवारचे कालवण आणि आठवड्याला दोन जुड्या पालक. पंप, पिंपे आणि खाद्याचा खर्चसुद्धा अजून निघालेला नाही. पिंप पुराचे पाणी धरत नाही आणि गावाला एकत्र आणत नाही. ते शिकण्यासाठी उत्तम आहे. आपल्या महाविद्यालयाच्या आवारातही एक जरूर असावे. (चिलापी मात्र कोणी खाडीत वा तळ्यात सोडू नये. हा परदेशी मासा आपल्या माशांच्या जागा बळकावतो.) पण "शेत गेले तर जाऊ द्या, पिंप आहे ना", असे म्हणण्याला माझा विरोध आहे.

हा वाद माझ्यापुरता पुस्तकी नाही. खाडीकडे आमचा अर्धा एकर अजून उरला आहे. भरावाचे डंपर आणून देणारा माणूस दोनदा घरी येऊन गेला. धाकटी बहीण यंदा बारावीला आहे, तिच्याही शिक्षणाचा प्रश्न आहे. बाबांनी मला विचारले, "तू शिकलास, तूच सांग." मी भराव घालू नका असे सांगितले. नुसते सांगून भागत नाही, म्हणून या महिन्यापासून संध्याकाळी शिकवण्या धरल्या आहेत. बाबांनी अजून होकार दिलेला नाही.

आता मित्रांच्या प्रश्नाचे उत्तर. आर्ट्सवाल्याने यात पडायचे कारण असे की उघाडी, पाग, खाजण हे शब्द आज्याच्या पिढीबरोबर चालले आहेत. बांध कोणी घातला, फुटल्यावर कोणाला हाक मारायची, मासळीची वाटणी कशी होई, हे कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. मराठी, इतिहास आणि भूगोल या तिन्ही विभागांतल्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की पुढच्या वर्षीचा प्रकल्प त्यांनी आगासन, दातिवली, साबे, बेतवडे या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांकडे न्यावा. वही आणि पेन एवढेच भांडवल पुरे आहे. आमच्या आज्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. तो ऐंशीच्या पुढे गेला आहे आणि दुपारनंतर पिंपाजवळच बसलेला असतो.