चापोलीचा राग छोट्या कॅमेऱ्यावर नको

काणकोणच्या चापोली धरणावर झालेल्या कथित अश्लील चित्रीकरणाचा राग गोवा सरकारने होतकरू व्हिडिओवाल्यांवर काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नोव्हेंबर २०२० च्या त्या प्रकरणात काणकोणच्या पोलीस निरीक्षकावर निलंबनाची पाळी आली. यापुढे ट्रायपॉड दिसला की हवालदार कागद मागणारच. त्याचे तरी काय चुकले?

झळ बसेल ती बेळगाव-निपाणीच्या पोरांना. चोर्ला घाट उतरून चौघे, एका कॅमेऱ्यानिशी, सूर्यास्ताच्या अर्ध्या तासासाठी किनारा गाठतात. त्यांना मालिकेच्या ताफ्याचेच नियम लावले, तर ही पोरं परवानगी न मागता लपूनछपून शूटिंग उरकतील.

चित्रीकरणाला परवानगी देणाऱ्या एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाने लहान गटांसाठी एकपानी अर्ज, माफक शुल्क आणि उत्तराची मुदत ताबडतोब जाहीर करावी. मोरजीतील कासवांच्या विणीची जागा मात्र कोणालाही देऊ नये.