पैसा आमचा, पत दुसऱ्याची!

परवां आमच्याकडे एक सुतार बंधू आले होते. माणूस कसबी, पोरें कष्टाळू, गिऱ्हाईक दारीं उभें. लांकूड रंधण्याचें ६०,००० रुपयांचें यंत्र घ्यावें म्हणून ते एका बँकेंत गेले. तेथील साहेबांनीं पहिलाच प्रश्न केला, "सातबारा आहे काय?" सुतार म्हणाले, "जमीन नाहीं साहेब, हे दोन हात आहेत." साहेबांनीं मान हलविली, आणि आमचे बंधू तेथून उठले ते थेट खासगी सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसले. भाव ठरला शेकडा ५ रुपये दरमहा. म्हणजे महिन्याला ३,००० आणि वर्षाला ३६,००० रुपये नुसतें व्याज! बँकेनें शेकडा १२ रुपये दरसाल दरानें हेंच कर्ज दिलें असतें, तर पहिल्या सालाचें व्याज ७,२०० रुपयांच्या वर गेलें नसतें. मधले २८,८०० रुपये हा कोणत्या गुन्ह्याचा दंड? आमच्या अज्ञानाचा आणि त्या साहेबांच्या बेपर्वाईचा!

आम्ही विचारतों, बँकेंतील पैसा कोणाचा? साहेबांची ती वडिलार्जित मिळकत नव्हे. आमच्या उसाचें बिल, दुधाचा पगार, पोरीच्या लग्नासाठीं साठविलेली पुंजी, हें सर्व तेथें ठेव म्हणून जातें. ठेवीदारास कमी व्याज द्यावयाचें, कर्जदाराकडून जास्त घ्यावयाचें, आणि मधल्या फरकावर संसार चालवावयाचा, हाच बँकेचा धंदा. ठेव घेतांना आमची जात, जमीन, इंग्रजी कोणी विचारीत नाहीं. कर्ज मागतांना मात्र सारें कांहीं विचारलें जातें. मग पैसा आमचा आणि पत दुसऱ्याची, असें कां व्हावें?

हें दुखणें जुनें आहे. १८७५ सालीं सुप्यास आणि पुणें-नगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. त्यावर १८७९ चा कायदा झाला. १८८३ सालीं जोतीरावांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून अक्षरशून्य कुणब्याची नागवण जगापुढें मांडली. पण खत जळालें म्हणून गरज जळत नाहीं. पेरणीला बीं लागतेंच, भात्याला कोळसा लागतोच. दुसरीकडून भांडवल मिळेना, म्हणून कुणबी पुन्हां त्याच उंबऱ्यावर गेला. स्वराज्य आल्यावर १९५१-५२ सालीं रिझर्व्ह बँकेनें देशभर पाहणी करविली. तींत आढळलें कीं, शेतकऱ्यानें काढलेल्या दर १०० रुपये कर्जांत सुमारें ७० रुपये सावकारांचे. सरकारचे आणि सहकारी संस्थांचे प्रत्येकीं तीनच्या आसपास. आणि व्यापारी बँकांचा तर पुरता एक रुपयाहि नव्हे! १९ जुलै १९६९ रोजीं १४ मोठ्या बँका सरकारनें ताब्यांत घेतल्या, त्यामागें हें एक कारण होतें. त्यानंतर बँका खेड्यांत आल्या खऱ्या, पण दार उघडणें वेगळें आणि आंत बसावयास पाट देणें वेगळें.

ज्याच्यापाशीं तारण नाहीं त्यानें काय करावें? त्याचें उत्तर जर्मनींत रायफायझेन नांवाच्या गृहस्थानें दीडशेंहून अधिक वर्षांपूर्वींच दिलें: एकट्याची पत नसेल तर दहाजणांनीं मिळून पत निर्माण करावी. त्याच तत्त्वावर आपल्याकडे १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनीं १९२३ सालीं गांवांत पतसंस्था काढली. पुढें लहान लहान शेतकऱ्यांनीं भाग घेतले, धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले, आणि १९५०-५१ च्या हंगामांत प्रवरेच्या कांठीं शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना सुरू झाला. आधीं आपली काडी-काडी जमली, मगच बाहेरचें भांडवल आलें. बचतगटांतील आमच्या भगिनी आज हेंच करीत आहेत.

पण येथें एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे. सावकार गेला आणि त्याच्या गादीवर आपलाच पाटील बसला, असें अनेक संस्थांत झालें आहे. सभासद वार्षिक सभेंत जातात ते चहापुरते, अहवाल वाचतो कोण? मग कुंपणानेंच शेत खाल्लें तर दोष कोणाचा? आणि हेंहि ध्यानांत ठेवा, पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. बँकेंतील, सहकारी बँकेंतीलसुद्धां, ठेवीस माणशीं ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेंतील ठेवीस तो नाहीं. पाटी पाहून भुलूं नका.

आतां आपला हक्क ऐका. व्यापारी बँकांनीं आपल्या कर्जांपैकीं शेकडा ४० शेती, लहान धंदे, दुर्बळ लोक अशा कामांस द्यावीं, त्यांतले १८ शेतीस, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. ८ एप्रिल २०१५ पासून चालू झालेल्या मुद्रा योजनेंत १० लाखांपर्यंतच्या कर्जास तारण मागावयाचें नाहीं. शेतकऱ्यास २ लाखांपर्यंत बिनतारण कर्ज, हा नियम १ जानेवारी २०२५ पासूनचा. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, शिंपी, न्हावी अशा १८ कसबांसाठीं २०२३ सालीं विश्वकर्मा योजना निघाली; तींत नोंद झालेल्यास पहिल्यानें १ लाख, तें फेडल्यावर २ लाख, शेकडा ५ व्याजानें मिळूं शकतात. म्हणून तोंडी मागूं नका. अर्ज लेखी द्या, पोंच घ्या. नकार आल्यास कारण लेखी मागा. तें देणें बँकेवर बंधनकारक आहे. तक्रार करून ३० दिवसांत दाद लागली नाहीं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तेथें वकील लागत नाहीं, फी लागत नाहीं.

हक्काबरोबर कर्तव्यहि आलें. यंत्राचें कर्ज यंत्रासच लावा. विहिरीच्या कर्जावर लग्नाच्या पंगती उठल्या तर विहीरहि कोरडी आणि घरहि कोरडें. यंत्र अनेक सालें कमावतें, त्याचे हप्ते अनेक सालांचे असावे. बीं-खताचें कर्ज पीक येतांच फेडावें. रोजची आवक-जावक वहींत मांडा. मुलगी शाळेंत जात असेल तर तिच्याकडून लिहून घ्या. तुम्हीं बुडविलेलें कर्ज साहेबाचें बुडत नाहीं. शेजाऱ्याची ठेव बुडते, आणि पुढच्या सुताराच्या तोंडावर दार बंद होतें.

आमच्या त्या सुतार बंधूंस आम्हीं पुन्हां बँकेंत धाडलें आहे. या वेळीं हातांत लेखी अर्ज आहे, तीन महिन्यांच्या कामाची वही आहे, आणि सोबत आळीतले चार कारागीर आहेत. साहेब काय करतात तें आम्ही पाहणार आहों, आणि वाचकांस कळविणार आहों. एकट्यास हांकलणें सोपें असतें; वही घेऊन आलेल्या पांचांस तसें हांकलतां येत नाहीं.