कोर्लईचे चर्च आणि माझी बोली

रेवदंड्याच्या कोटात नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून पोर्तुगीजांच्या चर्चचे अवशेष उभे आहेत. फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या चर्चचा सातखणी मनोरा तर लहानपणापासून आमच्या ओळखीचा. सहलीची मंडळी येतात, त्याच्यापुढे फोटो काढतात आणि जातात. १७४० मध्ये हा कोट मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले आणि आता तिथे प्रार्थनेला कोणी येत नाही. त्यामुळे जुने चर्च म्हणजे पडकी भिंत, अशीच माझी समजूत होती.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी साळावचा पूल ओलांडून कोर्लईला गेलो. किल्ल्याच्या डोंगराखाली गाव, गावात माउंट कार्मेल मातेचे चर्च. आत एक म्हातारी शांत बसली होती. बाहेर आल्यावर तिने नातवाला हाक मारून काही सांगितले. मला एक शब्द कळेना. मग माझ्याकडे वळून तिने सरळ मराठीत विचारले, "कुठला रे तू बाबा?"

ती नातवाशी बोलली ती 'नोलिंग', म्हणजे 'आमची बोली'. मूळ पोर्तुगीज, पण मराठीत मुरलेली. बोलणारी माणसे हजाराच्या आसपास. पावणेतीनशेहून अधिक वर्षे ती कोणत्या शाळेने टिकवली नाही. ती टिकवली घरांनी.

कोणी म्हणेल, ही परक्या राजवटीची खूण, तिचे कौतुक कशाला? मला हे पटत नाही. राज्यकर्ते निघून गेले. राहिली ती इथलीच कष्टकरी माणसे. आणि पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द आपणही पोर्तुगीजांकडूनच घेतले आहेत ना?

खरे सांगायचे तर मला तिथे माझीच लाज वाटली. माझे वडील होडीवर जातात. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. आमच्या घरात 'मला' नव्हे, 'मना' म्हणतात. पहिल्या वर्षी मी वर्गात 'मना' म्हणालो आणि सारे हसले. त्या दिवसापासून मी तो शब्द टाकला. एवढ्यावर थांबलो नाही; मित्र घरी आले तेव्हा त्यांच्यादेखत आईलाही सुधारले. तेव्हापासून माझे मित्र आले की आई बोलत नाही. शेकडो वर्षे त्या गावाने जे सांभाळले, ते मी दोन वर्षांत मोडायला निघालो होतो.

प्रमाण मराठी आम्हाला आलीच पाहिजे; परीक्षा तिच्यातच द्यायच्या आहेत. पण त्यासाठी आईला गप्प करण्याची गरज नाही. प्राध्यापकांना विनंती आहे की, दरवर्षी या अंकात विद्यार्थ्यांच्या घरातल्या शब्दांसाठी दोन पाने ठेवावीत. आणि मित्रहो, वर्गात कोणी 'मना' म्हणाला तर हसू नका. पहिला शब्द मीच देतो : मना.