शेतकऱ्याचा नंबर ग्राहकाला द्यायचा का?

आयात-निर्यातीच्या प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, शेतकरी आणि ग्राहक एकमेकांना भेटले तर ते थेट व्यवहार करतील. मग मी कुठे राहिलो?" माझं मत स्पष्ट आहे. भेटू द्या. नंबर द्या, आणि जमलं तर भावाचा हिशेबही दोघांना दाखवा. हे ऐकलं की निम्मा वर्ग माझ्याकडे संशयाने बघतो, म्हणून आज एक खरं उदाहरण घेऊ.

अमेरिकेत ओरेगन राज्यात पोर्टलंड शहर आहे. तिथे डेव्हिड ग्रिसवॉल्ड यांनी १९९७ मध्ये 'सस्टेनेबल हार्वेस्ट' ही कॉफी आयात करणारी कंपनी सुरू केली. कॉफीचा धंदा म्हणजे बड्या माशांचा समुद्र. तिथे भावात टक्कर द्यायला छोटा माणूस गेला तर एका हंगामात बुडेल. आणि तो काळही वाईट होता. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कॉफी पौंडाला ५० सेंटच्याही खाली आली होती. मध्य अमेरिकेतला शेतकरी आपला माल दारात आलेल्या व्यापाऱ्याला देऊन मोकळा व्हायचा. तिकडे त्या व्यापाऱ्याला 'कोयोते' म्हणतात, म्हणजे रानातला कोल्ह्यासारखा प्राणी! आपल्याकडच्या खेडा खरेदीची आठवण झाली ना?

खरी गोम पुढे आहे. माल पुढे कोणाकडे गेला, त्याची चव कशी निघाली, तो कितीला विकला, यातलं काहीच शेतकऱ्याला कळत नव्हतं. आणि कॉफी भाजून विकणाऱ्याला पोत्यावरच्या देशाच्या नावापलीकडे फारसं काही माहीत नव्हतं. ग्रिसवॉल्ड यांच्या कंपनीने नेमकं हेच काम धरलं. २००३ पासून 'लेट्स टॉक कॉफी' नावाचा मेळावा भरवून त्यांनी पिकवणारे आणि घेणारे समोरासमोर बसवले. जोडीला 'रिट्स' ही संगणक प्रणाली उभी केली. कोणता लॉट कोणाकडून आला, त्याची गुणवत्ता काय, ही माहिती साखळीतल्या लोकांसमोर यायला लागली. पुढे हे काम आयपॅडवरही आलं.

आता तुमचा प्रश्न. सगळं उघडं केल्यावर लोक थेट का गेले नाहीत?

जरा हिशेब करा. २० फुटी कंटेनरमध्ये ६० किलोची साधारण ३२० पोती बसतात, म्हणजे १९ टनांच्या आसपास माल. छोट्या भट्टीवाल्याला हवी असतात १० पोती. त्याच्याकडे शेतकऱ्याचा नंबर असला तरी तो १० पोत्यांसाठी जहाज बोलावणार आहे का? कंटेनर भरणं, पैसे आधी गुंतवणं, कस्टम, गोदाम, आणि माल ओला निघाला तर भांडणं, हे सगळं आयातदाराच्याच गळ्यात असतं. तुमची फी या कामाची आहे. ती नुसती नंबर लपवण्याची असेल, तर तो धंदा आज ना उद्या जाणारच, मग व्हॉट्सअॅप असो वा नसो.

काही ग्राहक तरीही थेट जातील. जाऊ द्या. त्यातले बरेचसे पहिल्या अडकलेल्या कंटेनरनंतर परत फोन करतात.

संगणकाचा दुसरा उपयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कॉफीची चव बघून १०० पैकी गुण देतात. ८० आणि त्यावर गुण मिळाले की ती 'स्पेशालिटी' कॉफी. हे गुण आणि ओलाव्याचं प्रमाण लॉट नंबरसकट दोन्ही बाजूंच्या स्क्रीनवर एकच दिसलं, की "तुमचा माल हलका आहे" असं तोंडी सांगून भाव पाडता येत नाही. शेतकऱ्यालाही कळतं, की या वर्षी वाळवणीत गडबड झाली. पुढच्या हंगामात तो ती सुधारतो. त्याचा भाव वाढतो आणि तुम्हाला माल चांगला मिळतो.

आपल्याला हे परकं नाही. नाशिकची द्राक्षं युरोपला जातात ती अपेडाच्या 'ग्रेपनेट'वर बागेची नोंदणी होऊनच. पेटीचा माग बागेपर्यंत लागतो. आता तर युरोपने २०२३ मध्ये जंगलतोडीविरोधात कायदा केलाय. त्याखाली कॉफी, कोको अशा मालाला शेताचं ठिकाण अक्षांश-रेखांशासह द्यावं लागणार आहे. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली असली तरी दिशा दिसतेच आहे.

म्हणून सुरुवातीलाच कोणी लाखभराचं सॉफ्टवेअर गळ्यात मारत असेल तर थांबा. एक साधी एक्सेल किंवा गुगल शीट पुरते. लॉट नंबर, कोणाचा माल, कोणत्या तारखेचा, वजन, तपासणीचा निकाल, शेतकऱ्याला दिलेला भाव, वाटेतला खर्च, विक्रीचा भाव. लॉट नंबर एकदा दिला की तो बदलायचा नाही, आणि पोत्यावर, बिलावर, सॅम्पलच्या पाकिटावर तोच हवा. व्हॉट्सअॅपवरचे फोटो आणि व्हॉइस मेसेज म्हणजे नोंद नव्हे, सहा महिन्यांनी ते शोधून सापडत नाहीत.

सगळे रकाने पहिल्या दिवशी सगळ्यांना दाखवा असं मी म्हणत नाही. तपासणीचा निकाल आधी दाखवा. भावाचा रकाना उघडायला छाती लागते, तो एक हंगाम झाल्यावर उघडा. आयईसी कोड ऑनलाइन निघतो, त्याची सरकारी फी ५०० रुपये आहे, त्यात अडकून पडायचं कारण नाही. शीट कशी मांडायची ते पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर करून दाखवतो. तोवर तुमच्या मालाचे रकाने वहीत लिहून ठेवा.