शाळेत ‘मंत्री’ निवडले, पण भाषेचा निर्णय कोणाकडे?

शाळा सुरू झाल्या की जिल्ह्यातील अनेक शाळांत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. उमेदवारी अर्ज, चिन्ह, प्रचार, बोटाला शाई सगळे खऱ्यासारखे. आता तर मोबाइललाच मतदान यंत्र केले जाते. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, सहलमंत्री शपथ घेतात. मतदान शिकायला हे उत्तमच. प्रश्न शपथेनंतरचा आहे.

मंत्र्यांना अधिकार काय?

कामे मिळतात: परिपाठ, स्वच्छता, रांगा. अधिकार मिळत नाहीत. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असतात. राज्यात दोन विद्यार्थीही समितीत घेतले जातात, पण मताविना. शिवाय हा कायदा आठवीपर्यंतचा. नववी-दहावीचे मंत्रिमंडळ किती चालेल, हे मुख्याध्यापकांच्या उत्साहावर ठरते.

मग भाषा कोण ठरवते?

राज्य मंडळाच्या मराठी शाळांत नववीला मराठी-इंग्रजीबरोबर पूर्ण हिंदी, पूर्ण संस्कृत किंवा दोन्हींचा संयुक्त पर्याय असतो. कागदावर निवड विद्यार्थ्याची. शाळेत संस्कृतचे शिक्षक नसले, की निवड संपली.

गेल्या काही वर्षांतला सर्वात मोठा भाषावाद पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेचा. १६ एप्रिल २०२५ला हिंदी अनिवार्य झाली. १७ जूनला ‘अनिवार्य’ शब्द गेला, पण हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर किमान २० विद्यार्थी हवेत, अशी अट आली. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती जाहीर झाली. पक्ष बोलले, लेखक बोलले, पालक बोलले. पाचवीपासून हिंदी शिकलेल्या हायस्कूलच्या मुलांकडे तर प्रत्यक्ष अनुभव होता. पण शालेय मंत्रिमंडळाचे म्हणणे शासनापर्यंत नेणारी वाटच नाही.

भाषा मंडळ तारखांपुरतेच?

१४ सप्टेंबरला हिंदी दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. फलकलेखन, निबंध, वक्तृत्व, आणि बक्षिसाला बहुधा तीच चार-पाच बोलकी मुले. निवडणुकीतही तीच जिंकतात, हा योगायोग नव्हे. अकोले तालुक्यातील ठाकर, महादेव कोळी घरांत बोलली जाणारी बोली पुस्तकातल्या मराठीहून वेगळी आहे. प्रमाण भाषेत चुकण्याची भीती असलेली मुलगी प्रचाराला उभी कशी राहील? भाषा मंडळाचे खरे काम इथे आहे. तिच्या बोलीतल्या शब्दांची वही करणे, परिपाठात त्या बोलीतली गोष्ट सांगू देणे, याला निधी लागत नाही.

मंत्रिमंडळासाठीही असेच करता येईल. बैठकीचे इतिवृत्त मुलांनी लिहावे, मुख्याध्यापकांनी त्याला लेखी उत्तर द्यावे. ग्रंथालयाच्या खरेदीतली निदान काही पुस्तके भाषा मंडळाने निवडावीत. ‘संस्कृतचे शिक्षक का नाहीत?’ हा प्रश्न इतिवृत्तात आला, तर तो व्यवस्थापनापुढे ठेवता येतो.

पाथर्डी, शेवगावच्या शाळांपुढे आणखी एक अडचण आहे. जुलैत निवडलेला मंत्री दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातो आणि परततो तेव्हा वर्ष संपत आलेले असते. त्याचे खाते तोवर कोणी सांभाळायचे आणि परतल्यावर ते त्याला परत द्यायचे का, हे मंत्रिमंडळाने पहिल्याच बैठकीत ठरवून टाकावे. त्यासाठी शासन निर्णय लागत नाही.