पडदा कोणाचा?

खेळासाठी १४४ हर्ट्झचा पडदा हवा की नित्याच्या वापरास ६० हर्ट्झ पुरे, याचा खल आपला तरुण तासन्‌तास करतो. तो पडदा घडला कोठे, हे मात्र विचारीत नाही! जून २०२० मध्ये गलवानला २० जवानांनी प्राणार्पण केले. त्याच महिन्यात ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी आली, सप्टेंबरात पब्जीही गेला. बहिष्काराच्या घोषणा घुमल्या, त्याही अनेकदा चिनी मोबाईलवरूनच. दोष एकट्या ग्राहकाचा नव्हे. २०१४ च्या सुमारास बाजारात अग्रेसर असलेल्या मायक्रोमॅक्सचे बहुतेक फोन चीनमध्येच घडत. वर नाव तेवढे आपले! नुसत्या जुळणीला स्वदेशी म्हणणे ही आत्मवंचना होय. पडदा, बॅटरी, चिप कोणत्या देशातील, हे खोक्यावर ठळक छापण्याची सक्ती शासनाने करावी.