टॅब हातात, लॅब कुलपात

पनवेलहून सीएसएमटी गाठायला लोकलला सव्वा तासाच्या वर लागतो. जाऊन-येऊन अडीच-तीन तास. बसायला जागा मिळाली, तर एवढ्या वेळात एखादा प्रोग्राम लिहून, चालवून, त्यातल्या चुकाही काढून होतील. पण लॅपटॉप कुठाय? अनेकांकडे असतो तो सात-आठ इंची टॅब. आणि तो फक्त वेब सीरिज बघायला असतो, असं घरच्यांचं पक्कं मत!

स्वस्त टॅबवर शिकायचं स्वप्न आपण आधीही बघितलंय. ५ ऑक्टोबर २०११ ला ‘आकाश’ आला, किंमत सव्वादोन हजारांच्या घरात. पुढच्या वर्षीच्या ‘आकाश-२’ची धुरा तर आपल्या पवईच्या आयआयटीकडे होती. गाजावाजा खूप झाला. पण पहिल्या ‘आकाश’चा प्रोसेसर जेमतेम ३६६ मेगाहर्ट्‌झचा. सगळं काम त्या बिचाऱ्यानेच करायचं म्हटल्यावर तो दमणारच.

पण काम टॅबनेच करावं, हा हट्ट कशाला? रिमोट डेस्कटॉपमध्ये काम होतं दूरच्या संगणकावर. टॅबवर येतं फक्त त्याच्या स्क्रीनचं चित्र, आणि आपली बोटं तिकडे माऊसचं काम करतात. एसएसएच वापरलंत तर नुसती अक्षरंच ये-जा करतात, त्यामुळे डेटाही किरकोळ लागतो. वाशीची खाडी ओलांडताना नेट गेलं तरी ‘टीमक्स’मध्ये सुरू केलेलं काम तिकडे चालूच राहतं. पायथन शिकायचं असेल, तर गुगल कोलॅब ब्राउझरमध्येच उघडतं, मर्यादित वापर फुकट.

अडचणी आहेतच. काचेवर दोनशे ओळी टाइप करणं ही शिक्षाच. त्यामुळे साधा ब्लूटूथ कीबोर्ड जवळ हवा. पासवर्ड भक्कम हवा, आणि घरचा संगणक इंटरनेटवर सताड उघडा ठेवायचा नाही, व्हीपीएनमधूनच जायचं.

खरी अडचण वेगळीच आहे. दूरचा संगणक आणायचा कुठून? ज्याच्याकडे लॅपटॉप नाही, त्याच्या घरी डेस्कटॉप तरी कुठून असणार? कॉलेजच्या लॅबमध्ये मात्र संगणकांच्या रांगा असतात, आणि लॅबला कुलूप लागलं की त्या रात्रभर झोपतात. साधारण १०० वॅटचा संगणक १० तास चालवला, तर वीज जाते एक युनिट. एका लिनक्स सर्व्हरवर तर अनेक मुलं एकाच वेळी लॉगिन करू शकतात. यासाठी नवी इमारत नको, सरकारी योजना नको. हवेत प्रत्येकाला एक लॉगिन, देखरेखीला एक जबाबदार शिक्षक आणि थोडी इच्छा.

तेव्हा दोस्तहो, पुढच्या वेळी प्राचार्यांकडे जाल तेव्हा नवे संगणक मागू नका. आहेत तेच रात्री चालू ठेवा म्हणा. फी आपण वर्षभराची भरतो, मग लॅब फक्त संध्याकाळपर्यंतच का?